क्लचची केबल आणि दहा डिसेंबरचा शब्द

५ नोव्हेंबर २०००, रविवार

केबल पुन्हा तुटली. या वर्षातली तिसरी. औंध सोडल्यावर चढाला, दुसऱ्या गिअरमध्ये. क्लचची दांडी दाबली तर हातात जीवच नाही तिच्या.

तिथून सूसच्या अलीकडच्या वस्तीपर्यंत गाडी क्लचशिवाय नेली. गाडी ढकलत पळायचं, गिअर टाकायचा, सुरू झाली की उडी मारून बसायचं. साडेतीनशे सीसीचं धूड आणि वय बावन्न. पोहोचलो तेव्हा सभा पाऊण तास खोळंबलेली. शर्टावर तेलाचा पट्टा. तसाच बोललो.

विषय: बाईचं शिक्षण, बाईचा पगार. भाषण चांगलं झालं. इतकं चांगलं, की माझा आवाज मलाच आवडायला लागला. तिथेच सावध व्हायला हवं होतं. म्हणालो, "मुलीला शिकवता आणि मग दाराच्या आत ठेवता. मग शिकवलंत कशाला? भांड्यांवरची नावं वाचायला?" टाळ्या.

मागून एक बाई उभी राहिली. हिराबाई. साठीची असेल, बांधकामावर पाट्या वाहते. दर सभेला येते, कधी बोलत नाही. आज बोलली.

"साहेब, तुमची पोरगी चालवती का वो ही फटफटी?"

सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही, उत्तरासाठी थांबून राहिली.

म्हणालो, "पुढची सभा दहा डिसेंबरला. माझी मुलगी गाडी चालवत इथे येईल. मी मागे बसून येईन."

पुन्हा टाळ्या.

प्रज्ञाला गाडी स्टँडवरून काढतासुद्धा येत नाही. तीनदा मागितली होती तिने शिकायला. तीनदा मी म्हटलं, बघू.

६ नोव्हें., सोम.

घरात सांगितलं. विमल मशीनवर होती, ब्लाउजच्या बाह्या लावत. मशीन थांबवलं नाही. "शब्द तुम्ही द्यायचा, गाडी तिने चालवायची. छान."

प्रज्ञा म्हणाली, "अण्णा, आधी घरी विचारायची पद्धत आहे की ठराव थेट सभेतच मांडायचा?" पण खूश होती. लपवत होती, जमत नव्हतं.

तिला ११ डिसेंबरला हिंजवडीला रुजू व्हायचं आहे. सॉफ्टवेअर. घराण्यातला पहिला माणूस जो कामावर जाताना डबा नेणार आणि हात काळे न करता परतणार. कंपनीची बस औंधच्या चौकात पावणेसातला. खडकीहून तिथे त्या वेळेला पोहोचायचं म्हणजे रोज कसरत. तिचं म्हणणं, गाडी मिळाली तर थेट कंपनीच्या दारात. मी कारखान्यात सायकलनेच जातो. गाडी सोमवार ते शनिवार जिन्याखाली उभी असते. मुद्दा बिनतोड आहे.

मी म्हटलं, "केबलची खात्री होईपर्यंत किल्ली नाही."

बोललो तेव्हा वाटलं, काळजीपोटी बोलतोय. आता लिहिताना वाटतंय, केबल बरी सापडली मला.

८ नोव्हें., बुध.

सुट्टी टाकून नारायण पेठेत गेलो. बापटांचं दुकान. सुटे भाग आणि दुरुस्ती, आत अडीच माणसं मावतील. मी तोंड उघडण्याआधीच, "केबल?"

"हो."

"कांबळे, तुमची गाडी पेट्रोलवर चालते की केबलवर?"

मी माझं म्हणणं मांडलं. नीट, मुद्देसूद. एक्क्याण्णवच्या आधी लोकांच्या केबली वर्षानुवर्षं टिकायच्या. बाजार मोकळा केला, कुणीही काहीही बनवायला लागलं. तपासणारा कोणी नाही. तार पातळ केली, नळीचं प्लॅस्टिक पातळ केलं, वाचलेली जाडी म्हणजे नफा. माझी गाडी त्याच वर्षापासूनची आणि त्याच वर्षापासून मी केबली बदलतोय. हा योगायोग नाही. हे उदाहरण मी चार सभांमध्ये दिलेलं आहे, लोकांना लगेच पटतं.

बापटांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "झालं? आता तुटलेल्या दाखवा."

माझ्याकडे होत्या. कारखान्याच्या तपासणी विभागात अठ्ठावीस वर्षं काढली, तुटलेली वस्तू मी फेकत नाही. तिन्हींना लेबल: तारीख, जागा, किलोमीटर. पिशवीतून काढून दिल्या. बापटांनी काउंटरवर शेजारीशेजारी ठेवल्या, वरची टोकं जुळवून.

तिन्हींची नळी एकाच जागी घासलेली. वरच्या टोकापासून एक वीत आणि चार बोटं. तिथे नळी फाटलेली, आतली तार गंजून एकेक धागा सुटलेला.

"तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत," बापट म्हणाले. "एकाच जागी तुटायचं त्यांनी आपसात ठरवलं असेल. नाहीतर सरकारी धोरण असेल."

नवी केबल घेतली आणि निघालो. रागात डेक्कनपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, राग बापटांवर नाही. तीन लेबलं लावली मी, आणि तिन्ही केबली एकदाही शेजारी ठेवून बघितल्या नाहीत.

११ नोव्हें., शनि.

नवी केबल घातली. गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या वाटेनेच: डाव्या मुठीतून खाली, हेडलाइटच्या मागून, गाडीच्या मानेला चिकटून, टाकीखालून उजवीकडे गिअरबॉक्सला.

प्र. बॅटरी धरून उभी होती. म्हणाली, "तिन्ही एकाच जागी घासल्या तर वाटच बदला ना."

"पुस्तकात वाट दिलेली आहे."

"म्हणून?"

"म्हणून म्हणजे? ड्रॉइंगच्या बाहेर कुणी सुताएवढा हात मारला तर मी माल परत पाठवतो. साहेबाच्या भाच्याचा असला तरी."

तिने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. मग हळूच, "मी सहावीत असताना तुम्ही मला सांगितलं होतं, लिहिलेलं आहे एवढ्यावरून काही मानायचं नाही."

"ते धर्मग्रंथांबद्दल."

"गाडीच्या पुस्तकाला सूट आहे का?"

मी पान्याने नट घट्ट करत राहिलो. घट्ट झालेलाच होता.

१२ नोव्हें., रवि.

क्वार्टर्सच्या मागच्या मैदानावर पहिला धडा. किक उलटी बसली, नडगी सुजली, रडली नाही. गाडी अकरा वेळा बंद पाडली. मी ओरडत होतो, "क्लच हळू सोड! हळू!" सभेतला आवाज. गॅलऱ्यांमध्ये बायका जमल्या.

प्र. ने गाडी बंद केली, मान वळवली. "अण्णा, श्रोता मी एकटीच आहे. मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवू नका."

बाराव्या वेळी गाडी सुटली. पन्नास पावलं सरळ गेली. तिची पाठ बघितली मी. ताठ.

१५ नोव्हें., बुध.

कारखान्याच्या गेटवर जेवणाच्या सुट्टीत सभा. खासगी ठेके, कंत्राटी भरती. बोललो. शेवटी मागून कुणीतरी, "कांबळे, मुलगी मात्र त्याच मोकळ्या बाजारात नोकरीला! आम्हाला लढा, घरात पेढे!"

म्हणालो, "यंत्राला जात नसते. यंत्र ठेवलेल्या खोलीच्या दाराला असते. ते दार माझी मुलगी गुणांवर ढकलून आत गेली आहे. पेढे हवेत तर घरी या. लढा हवा असेल तर उद्या पुन्हा इथेच या."

उत्तर बरोबर होतं. अजूनही बरोबर वाटतं. पण सायकलवरून येताना वाटलं, मी दारांबद्दल किती छान बोलतो. किल्लीबद्दल बोलत नाही.

१८ नोव्हें., शनि.

आजची तारीख लक्षात ठेवायची.

प्र. गाडीचं पुस्तक घेऊन बसली होती. चित्र बघता बघता म्हणाली, "अण्णा, ही गाडी आपली नाही."

"म्हणजे?"

"ह्यातलं हँडल खाली आहे. आपलं वर आहे."

खाली गेलो. पट्टी लावली. चार इंच.

मीच बसवलेलं. एक्क्याण्णवमध्ये लष्कराच्या लिलावातून गाडी घेतली तेव्हा हँडल बुटकं होतं, चालवताना पुढे वाकावं लागे. पहिल्यांदा गावी न्यायची होती. माझा बाप त्या गावच्या रस्त्याने चपला हातात घेऊन जायचा. त्याच रस्त्याने मी वाकून जाणार नव्हतो. त्याच आठवड्यात उंच हँडल करून घेतलं आणि ताठ बसून गावातून दोनदा फिरलो. एकदा गरज म्हणून, एकदा उगाच.

हँडल चार इंच वर गेलं. केबल तेवढीच राहिली आणि वाटही तीच. उजवीकडे वळलं की केबल ताणली जाऊन मानेच्या पत्र्याच्या धारेवर घासते. प्र. ने हँडल वळवून दाखवलं. घासल्याचा आवाजसुद्धा येतो, बारीक. नऊ वर्षं येत असणार.

ड्रॉइंग बरोबर होतं. गाडी मी बदलली होती. आणि नऊ वर्षं बाजाराला शिव्या घातल्या.

आर्थिक धोरणाबद्दलचं माझं मत कायम आहे. त्यातून केबलचा मुद्दा वगळतो. ज्या चार सभांत सांगितला, तिथे जाऊन वगळल्याचं सांगायला हवं.

हँडल पुन्हा खाली घ्यायचा विचार आला. एक मिनिट टिकला. हँडल खाली येणार नाही. केबलने वाट बदलावी.

१९ नोव्हें., रवि.

सकाळी चहाबरोबर प्र. ने कागद पुढे केला. आमच्या विभागातल्या नमुन्याची हुबेहूब नक्कल. ड्रॉइंगपेक्षा वेगळं काही करायचं तर असा अर्ज येतो माझ्या टेबलावर.

"विषय: क्लच केबलची वाट बदलण्यास परवानगी. कारण: हँडल चार इंच उंच, केबल जुन्याच मापाची. चूक कोणाची: तपासनीसाची. मुदत:" पुढे मोकळं.

मी मुदत भरली: १० डिसेंबरपर्यंत, तात्पुरती. सही केली. विमल म्हणाली, "शिक्का राहिला."

मग उत्साहात दिवसभर एकट्याने काम केलं. केबल मानेच्या पुढून घेतली. लोंबू नये म्हणून तारेने तीन ठिकाणी आवळून बांधली. माझ्या हाताखालून सैल वस्तू जात नाही. दिसायला सुरेख.

संध्याकाळी प्र. मैदानावर. सरळ छान गेली. कोपऱ्यावर उजवीकडे वळवली तर इंजिन एकदम ओरडलं, गाडीचा जोर गेला, ती गोंधळली आणि मेंदीच्या कुंपणात. केबल आवळलेली. हँडल वळताच ती ओढली गेली आणि क्लच आपोआप दाबला गेला.

कोपर सोललं. बाकी काही नाही. रस्त्यावर असती तर. मागून ट्रक असता तर.

किल्ली काढून खिशात टाकली. ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या गाठी चुकल्या, मी नाही." मी म्हटलं, "आता बास."

शेवटचे दोन शब्द माझ्या बापाच्या आवाजात आले.

२० नोव्हें., सोम.

कामात लक्ष नाही. वीस दिवस राहिले. मनात वाक्यं जुळवतोय: काही अडचणींमुळे, पुढच्या सभेला नक्की. छान जुळतात. सवय आहे.

घरी विमल म्हणाली, "अहो, कोपर तिचं सोललं, चेहरा तुमचा उतरलाय."

"तू घाबरशील म्हणून मी..."

"मी कधी म्हटलं घाबरते? माझं नाव पुढे करून तुम्ही घाबरता." सुई दातात धरून बोलत होती. "ती पडली तर मला वाईट वाटेल. ती गेलीच नाही तर जास्त वाटेल. मला कुणी विचारलं नव्हतं ना, शिकायचंय का म्हणून."

चोवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. माझ्या कुठल्याच भाषणात ते नव्हतं.

मग ती हातातला ब्लाउज घेऊन आली. "हा बघा. काखेत फाटलाय. गिऱ्हाईक म्हणतं, कापड कच्चं. कापड चांगलं आहे. हात वर केला की सगळी ओढ एका टाक्यावर. जिथे हलायचं असतं तिथे ढील ठेवावी लागते. तुम्ही त्या तारेला बाहीच ठेवली नाही, बांधूनच टाकलीत."

ब्लाउज उलटा करून टाका बघितला. अठ्ठावीस वर्षं तपासणी.

प्र. ची माफी मागितली. थोडक्यात. ती म्हणाली, "एवढं छोटं भाषण?"

२२ नोव्हें., बुध.

बापट. सगळं सांगितलं. एक्क्याण्णवचं हँडलही. मला वाटलं, आता महिनाभर पुरेल एवढा टोमणा येणार. नाही आला. गावचं ऐकून त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाले, "हँडल आहे तिथेच ठेवा."

मग केबल वीतभर लांब बनवून दिली. लांब नळी कापली, नवी तार ओवली, टोकाला पितळी बोंड बसवून डाख दिला. थंड झाल्यावर मला म्हणाले, ओढा. पाय भिंतीला लावून ओढली. नाही निघालं.

जोडीला तशीच दुसरी मागितली, गाडीवर बांधून ठेवायला.

"दुसरी कशाला? हिची वाट बरोबर लावलीत तर तुटणार नाही. चुकीची लावलीत तर दुसरीही तुटेल."

"तरी द्या."

"देतो. काळजी करणाऱ्याला माल विकणं हाच तर धंदा आहे." आणि मी निघताना मागून, "कांबळे, पुस्तकात नाही हं हे. झोप लागेल ना?"

२६ नोव्हें., रवि.

तिघं जिन्याखाली. विमल पहिल्यांदा गाडीजवळ स्टूल टाकून बसली.

केबल घालायच्या आधी प्र. ने सुतळी घेतली, केबलच्या मापाची. मुठीपासून गिअरबॉक्सपर्यंत नुसती सुतळी फिरवली आणि मला म्हणाली, हँडल वळवा, पार इकडे, पार तिकडे. कुठे ताणते, कुठे अडते, बघत होती. तीन वाटा बाद केल्या. दुसरी वाट मला पसंत होती, सरळ आणि नीटस, पण इंजिनच्या अगदी कडेने जात होती. नळी वितळली असती. चौथी वाट: मुठीतून पुढे, हेडलाइटच्या बाहेरून मोठा झोल देऊन मानेच्या पुढून, मग उजव्या नळीच्या कडेने खाली, गरम भागापासून दोन बोटं लांब.

बांधायचं कसं? मी तार उचलली. विमलने माझ्याकडे नुसतं बघितलं. तार ठेवली. तिने चामड्याचा तुकडा कापून हाताने टाके घातले. कडी केली, ज्यातून केबल सरकेल पण सुटणार नाही. अशा दोन.

केबल ओवली. दांडीजवळ दोन रुपयांचं नाणं जाईल एवढी ढील ठेवली. शेवटी विमलने शिंप्याचा खडू घेतला आणि नळीवर वरपासून खालपर्यंत रेघ ओढली. "जिथे घासेल तिथला खडू जाईल. आठ दिवसांनी बघा."

मी काही केलं नाही. हँडल वळवलं. इकडे, तिकडे. आवाज येत नाही आता.

प्र. ने चालवली. वळणं घेतली, दोन्ही बाजूंना. इंजिन ओरडलं नाही.

जास्तीची केबल टाकीखाली बांधून ठेवली मीच.

२९ नोव्हें., बुध.

प्र. ला शिकाऊ परवान्यावर (तो तिने ऑक्टोबरातच, मला न विचारता काढून ठेवला होता) पहिल्यांदा रस्त्यावर सोडलं, बोपोडीपर्यंत जाऊन परत. नियमाने शेजारी जाणता हवा. म्हणून, असं स्वतःला सांगून, सायकलने मागे गेलो. शंभर पावलं मागे, रिक्षांच्या आड.

रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली होती. मी धापा टाकत पोहोचलो. मागे न वळता म्हणाली, "मघापासून सायकलची चेन वाजतेय मागे. तेल घाला तिला."

घरी आल्यावर म्हणाली, "पक्का परवाना आला की मागे येणार नाही असा शब्द द्या. सभेत नको. इथे, आईसमोर."

दिला. सभेत देणं सोपं असतं, हे आज कळलं.

४ डिसें., सोम.

परीक्षा दिली, पास. परीक्षकाने विचारलं म्हणे, "हीच गाडी आणलीस? गिअरलेस नाही मिळाली?" तिने आठचा आकडा काढून दाखवला.

खडू बघितला. मानेजवळ शाबूत. खाली कडीत थोडा पुसट. विमल म्हणाली, "तेवढं चालतं. हलते याची खूण आहे."

६ डिसें., बुध.

दादर. आज गाडी नाही, केबल नाही. बापाची आठवण झाली. रांगेत पुढे एक म्हातारा चपला हातात घेऊन उभा होता. त्याला म्हणावंसं वाटलं, घाला. इथे सगळ्यांनीच काढल्या होत्या, हे नंतर लक्षात आलं.

१० डिसें., रवि.

गेलो. ती पुढे, मी मागे.

मागे कुठे धरायचं ते कळत नव्हतं. आधी तिच्या खांद्यावर हात ठेवला, ती म्हणाली, "अण्णा, वळवता येत नाही." मग मागची कडी धरली. औंधच्या चौकात दोन जण वळून बघत राहिले. चढाला, जिथे गेल्या महिन्यात केबल तुटली तिथे, तिने दुसरा टाकला, क्लच सोडला, गाडी उचलली. माझा डावा हात नसलेली दांडी दाबत होता, हे वर पोहोचल्यावर लक्षात आलं.

वस्तीत बायका रस्त्यावर आल्या होत्या. पोरी गाडीभोवती. एकीने हॉर्न वाजवला, मग सगळ्यांनी.

बोलायला उभा राहिलो. आधी केबलचा मुद्दा मागे घेतला, कारण चारपैकी एक सभा इथलीच. सांगितलं, बाजाराचा दोष नव्हता, माझ्या हँडलचा होता. लोक हसले. मग म्हणालो, शब्द दिला होता, पाळला आहे. टाळ्या.

हिराबाई उठली. मला ठाऊक होतं उठणार.

"साहेब, आली पोरगी, लई ब्येस झालं. पर तुमी मागं बसला म्हंजी राखणच आली की. येकली कधी सोडताय?"

माईक हातात होता. तीस वर्षं बोलतोय मी. प्रज्ञा गाडीला टेकून माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती. हिराबाईसारखीच, उत्तरासाठी थांबून.

माईक खाली ठेवला.

परतताना ती चालवत होती. पूल ओलांडताना एवढंच म्हणाली, "उद्या सव्वासहाला निघायचंय मला."

घरी आलो. किल्ली नेहमी माझ्या शर्टाच्या खिशात. आज दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवली. कुणाला काही सांगितलं नाही. खिळ्याच्या आवाजाने विमलने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

११ डिसें., सोम.

सव्वासहा. किक. दुसरी किक. गाडी लागली. गॅलरीत गेलो नाही. स्वयंपाकघरात उभं राहून ऐकलं. पहिला गिअर. दुसरा. वळणावर इंजिन ओरडलं नाही. मग रस्ता लागला, मग ऐकू येईना.

खिळ्यावर किल्ली नव्हती. तिथे जास्तीची केबल अडकवलेली होती, टाकीखालून सोडून, नीट वेटोळं करून. लेबल लावलेलं, माझ्याच पद्धतीचं: "दि. ११/१२/२०००. जागा: घर. कारण: न तुटलेली." खाली तो परवानगीचा अर्ज. मुदत काल संपली, म्हणून तिने नवी ओळ काढून ठेवली आहे: मुदत, पुढे मोकळं.

पोहोचल्यावर फोन करते म्हणाली आहे. रस्ता पाऊण तासाचा. पहिला दिवस, दारावर चौकशी, कागद दाखवा, धरा आणखी अर्धा तास.

सात पस्तीस.

सात पन्नास. फोन वाजला. विमलच्या गिऱ्हाइकाचा, बाह्यांचं काय झालं म्हणून.

केबल हातात घेऊन बघितली. बापटांचा डाख पक्का आहे. तिची तशीच आहे, एका हाताने, एकाच दिवशी बनवलेली. वाट बरोबर आहे. खडू शाबूत होता. मी स्वतः बघितला.

विमल म्हणाली, "अहो, पायात चपला का घातल्यात?"

काढल्या. कामाला आज अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.

आठ पाच. फोन नाही. अर्जावर सही केली. मुदतीच्या जागी काय लिहावं ठरत नव्हतं, रेघ मारली.

सायकल जिन्याखाली आहे. चेनला तेल घातलेलं आहे. तिथेच राहील.